आईचा ब्लॉक कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत स्तनाच्या कर्करोगावरच्या नव्या संशोधनाबद्दल अधूनमधून छापून येतं. जनुकांच्या चाचण्या, नवी औषधं, रोग हाडात आणि फुप्फुसात कसा पसरतो याचा शोध. मी ती कात्रणं जपून ठेवते. पण ज्या वस्तूवर हे सगळं संशोधन होतं तिचा उल्लेख त्यात मला कधी दिसला नाही. तिच्यासोबत माझी ३३ वर्षं गेली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ती वस्तू म्हणजे मेणाचा ब्लॉक.

सांगली जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये १९८५ पासून २०१८ पर्यंत मी हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन होते. नातेवाईक ज्याला ‘तुकडा तपासणी’ म्हणतात ते आमचं काम. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ बरणीतून येते. डॉक्टर ती कापून त्यातले महत्त्वाचे तुकडे निवडतात. मग ते तुकडे अल्कोहोल, झायलीन (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणारं रसायन) आणि वितळलेलं पॅराफिन मेण अशा पायऱ्यांनी जातात आणि शेवटी साच्यात मेणासकट थिजवतात. काडेपेटीच्या निम्म्याएवढी ती वडी झाली की मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर तिचे तीन-चार मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढायचे, ते कोमट पाण्यावर रिबिनीसारखे तरंगवायचे आणि काचेवर उचलून घ्यायचे. रिपोर्ट निघतो तो या काचेवरून. रिपोर्ट दिल्यानंतरही वडीत तुकडा उरतोच. तो नीट ठेवला तर पुढची कित्येक वर्षं त्यातून नवे काप काढता येतात, नव्या चाचण्या करता येतात. त्या बाईच्या रोगाचा खरा कागद तोच.

माझ्या धाकट्या जावेचा असा एक ब्लॉक होता. आज तो नाही.

२०१२ च्या मे महिन्यात तिच्या डाव्या स्तनातली गाठ दुखेना पण वाढायला लागली. ती तेव्हा ४६ वर्षांची होती. तालुक्याच्या गावी शनिवारी दुपारी स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. बरणी आमच्या लॅबमध्ये आली सोमवारी सकाळी, आणि ती मीच उघडली. अख्खा स्तन, कुठेही काप न देता, लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात कोंबलेला आणि मांस टिकवून पक्कं करणारं फॉर्मलीन निम्म्यापर्यंत. मे महिन्यातले दोन दिवस. फॉर्मलीन मांसात फार हळू शिरतं, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. बाहेरचा थर पक्का झाला होता, मधला भाग मऊ आणि राखाडी पडला होता. गाठ मधल्याच भागात होती.

नियम सांगते, कारण तो कुणाला अवघड वाटू नये इतका साधा आहे. गाठ शरीरातून बाहेर आल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मलीनमध्ये जायला हवी. मोठी असेल तर तिला काप द्यायचे, म्हणजे द्रव आतपर्यंत पोचतो. फॉर्मलीन १० टक्क्यांचं, बफर (आम्लता आवरणारे क्षार) घातलेलं आणि गाठीच्या किमान दहापट. त्यात ती ६ तासांहून कमी आणि ७२ तासांहून जास्त राहू नये. बरणीवर तारखेबरोबर वेळही लिहायची. एवढं चुकलं की पेशींमधली प्रथिनं विरतात, आणि ती ओळखायला नंतर कितीही महागडं रसायन लावा, रंग चढत नाही.

तिचा रिपोर्ट आला : इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह : हार्मोन पकडणारी दोन प्रथिनं आणि गाठ वाढवणारं हर-टू, तिन्ही दिसली नाहीत. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टच्या खाली ‘ऊतक नीट पक्कं झालेलं नाही’ अशी ओळ लिहिली होती. पुढे कुणी ती ओळ वाचली नाही. मी वाचली होती. दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा चाचणी करा असा हट्ट मी धरायला हवा होता, आणि मी तो धरला नाही. घरात तेव्हा किमोच्या तारखा, तिची दहावीतली मुलगी, शेताची कामं, या सगळ्यात ते राहून गेलं. ही चूक माझी आहे आणि मी ती कुणावर ढकलत नाही.

किमो झाली, रेडिएशनचा शेक झाला. निगेटिव्ह म्हणून इस्ट्रोजेनची वाट अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू झाली नाही. ही गोळी १९७० च्या दशकापासून वापरात आहे, रोज काही रुपयांत मिळते, आणि ज्या बायकांच्या गाठीत इस्ट्रोजेन रिसेप्टर असतो त्यांनी ती पाच वर्षं घेतली तर मृत्यूचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशानं कमी होतं.

दहा वर्षं बरी गेली. २०२२ मध्ये तिची कंबर दुखायला लागली. आधी वय, मग मणक्याची झीज, मग स्कॅन. कमरेच्या हाडात रोग उतरला होता. हाडाचा तुकडा काढायचं ठरलं तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी त्या लॅबमध्ये जाऊन बसले. हाडाचा तुकडा कापण्याआधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. घाईत ते तीव्र ॲसिडमध्ये करतात आणि रिसेप्टर तिथेच नासतात. ईडीटीए या सौम्य द्रावणात ठेवला तर दिवस जास्त लागतात पण ऊतक शाबूत राहतं. मी हात जोडून सांगितलं, चार दिवस उशीर होऊ दे, पण ॲसिड नको. तिथल्या मुलीनं ऐकलं. रिपोर्ट आला : इस्ट्रोजेन रिसेप्टर ८० टक्के पेशींत, ठळक.

आता प्रश्न असा. २०१२ चा निगेटिव्ह खरा होता का? रोग पसरताना रिसेप्टर बदलू शकतो हे आज माहीत आहे. पॉझिटिव्हचा निगेटिव्ह होणं जास्त दिसतं, उलटं कमी, पण उलटंही होतं. म्हणजे एक तर रोगानं रूप बदललं, नाहीतर आम्ही बरणीत त्याचं रूप घालवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला : “जुना ब्लॉक आणा, शेजारी शेजारी ठेवून बघू.” तिची मुलगी, जी तेव्हा पंचविशीत होती, मला फोनवर म्हणाली, “काकू, आईचा ब्लॉक कुठे आहे?”

ब्लॉक ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेला. रेकॉर्डची खोली तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर चिखलात माखलेले खोके, रजिस्टरं, ब्लॉकचे ट्रे असं सगळं एकदमच ट्रॅक्टरमध्ये भरून टाकून दिलं गेलं. महापूर कुणाच्या हातात नव्हता. पण मेण पाण्यानं विरघळत नाही. ते ब्लॉक धुऊन, पुसून, सावलीत वाळवले असते तर बरेचसे वाचले असते, कारण नंबर ब्लॉकच्या प्लास्टिकच्या चौकटीवर, म्हणजे कॅसेटवर, पेन्सिलीनं लिहिलेले असतात आणि पेन्सिल पाण्यात जात नाही. हे जाणणारं तिथे त्या दिवशी कुणी नव्हतं.

त्या ब्लॉकमध्ये काय होतं हे मला माझ्या कात्रणांतून जसजसं कळत गेलं तसतशी जास्त हळहळ वाटत गेली.

शाळेत आपण शिकलो की जनुक बिघडलं की कर्करोग होतो. ते खरंच आहे. १९९० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १७ व्या गुणसूत्रावर ज्याची जागा दाखवली आणि १९९४ मध्ये जे सापडलं, त्या बीआरसीए-१ जनुकात जन्मतः दोष असला तर धोका खूप वाढतो. पण कित्येक गाठींत जनुकाचं एक अक्षरही बिघडलेलं नसतं, तरी ते काम करत नाही. पोथी धड आहे, पानं सगळी आहेत, पण बासनात करकचून बांधून ठेवली आहे, तर वाचणार कोण? पेशीत हे बांधण्याचं काम डीएनएवर चिकटलेले मिथाइलचे छोटे गट करतात, आणि डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांवर गुंडाळलेलं असतं त्यांच्यावरच्या खुणा करतात. जनुकाची अक्षरं न बदलता ते उघडायचं की मिटायचं हे ठरवणारी ही व्यवस्था म्हणजे एपिजेनेटिक्स. काही ट्रिपल निगेटिव्ह गाठींत बीआरसीए-१ असंच मिटलेलं सापडतं, बहुतेकदा फक्त गाठीत, वारशानं नव्हे. इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुकही असं मिटू शकतं. १९९५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत रिसेप्टर निगेटिव्ह पेशींवरचे हे मिथाइल औषधानं उतरवले, तर ते जनुक पुन्हा बोलायला लागलं.

जन्मतः आलेला दोष पुसता येत नाही, पण हे बांधलेलं सोडता येतं. म्हणूनच या संशोधनाकडे एवढी माणसं आशेनं बघतात. मात्र बातम्यांत जसं लिहितात तसं ते सोपं नाही. हिस्टोनवर काम करणारं एन्टिनोस्टॅट हे औषध अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत बायकांचं आयुष्य वाढवू शकलं नाही. त्याच जातीचं टुसिडिनोस्टॅट चीनमध्ये २०१९ मध्ये हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोन रिसेप्टर असलेल्या, पसरलेल्या रोगासाठी मंजूर झालं. कुणाला उपयोग होईल आणि कुणाला नाही, हे ज्या त्या बाईच्या गाठीतल्या खुणा वाचूनच ठरणार. मिथाइलच्या या खुणा मेणाच्या ब्लॉकमध्ये टिकतात. डीएनएचे तुकडे पडतात पण खुणा राहतात.

रोग पसरण्याबद्दल एक गोष्ट मी स्वतः काचेवर हजार वेळा पाहिली आहे. लोब्युलर नावाच्या प्रकारात पेशी घोळक्यानं राहत नाहीत, मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक चालत जातात. आम्ही मुली तेव्हा नुसतं ‘रांगा आल्या’ म्हणायचो. पुढे कळलं की पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं ई-कॅड्हेरिन नावाचं प्रथिन त्यांच्यात नसतं. कधी त्याचं जनुक तुटलेलं असतं, कधी मिटलेलं. इतर प्रकारांत तर गाठ सोडताना काही पेशी हे जनुक मिटतात आणि नव्या जागी रुजल्यावर पुन्हा उघडू शकतात. बाहेर पडायला एक रूप, घर करायला दुसरं. आणि घर कुठे करायचं तेही उगाच ठरत नाही. १८८९ मध्ये लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगानं गेलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी तपासल्या. यकृतात रोग वारंवार दिसला, प्लीहेत क्वचित, जरी रक्त दोन्हीकडे जातं. त्यांनी लिहिलं की बी कुठेही पडेल, पण मानवेल त्या मातीतच उगवेल. आमच्या जावेला हे समजावून सांगावं लागलं नाही, तिची हयात शेतात गेली आहे. पण मला त्यातली दुसरी बाजू दिसते. कुणीतरी त्या ७३५ बायकांच्या नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणून पॅजेट यांना हे दिसलं.

याहून जवळचं उदाहरण देते. हार्मोन पॉझिटिव्ह रुग्णाला किमो लागेल की नुसती गोळी पुरेल हे सांगणारी २१ जनुकांची चाचणी आता सगळीकडे नावाजलेली आहे. ती खरी ठरली २००४ मध्ये, आणि ठरली ती ६६८ जुन्या ब्लॉकवर. ते ब्लॉक अमेरिकेत १९८० च्या दशकात टॅमॉक्सिफेनच्या चाचणीत भाग घेतलेल्या बायकांचे होते. तेव्हा अशी चाचणी होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तरी कुणीतरी टेक्निशियननं ते नंबर लावून ठेवले, आणि वीस वर्षांनी जगभरातल्या बायकांची किमो त्यामुळे वाचली. अशा माणसाचं नाव कुठे छापून येत नाही.

रुग्णालाही जुन्या ब्लॉकचा फायदा होतो. हर-टूचा रंग थोडाच, म्हणजे ‘एक अधिक’ आला, किंवा ‘दोन अधिक’ येऊन त्याच्या जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी निगेटिव्ह आली तर आम्ही तो ‘निगेटिव्ह’ म्हणून सोडून देत होतो. २०२२ मध्ये दिसलं की पसरलेल्या रोगात अशा ‘कमी हर-टू’ असलेल्या बायकांनाही ट्रॅस्टुझुमॅब डेरुक्सटेकॅन या औषधाचा उपयोग होतो. एका रात्रीत हजारो जुने निगेटिव्ह पुन्हा बघण्याजोगे झाले. औषध महाग आहे, ती लढाई वेगळी. पण ज्यांचा ब्लॉकच नाही त्यांच्या बाबतीत तिथपर्यंत जाताच येत नाही.

आपल्या मातीतही हे काम जुनं आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर, हार्मोन आणि विषाणू यांच्या संबंधावर काम केलं आणि देशातली पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. पुण्यात डॉ. संजीव गलांडे यांनी सॅटबी-१ या प्रथिनावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. हे प्रथिन केंद्रकात डीएनएच्या घड्या कशा पडतात ते सांभाळतं. याच प्रथिनामुळे स्तनाच्या गाठी वाढतात आणि पसरतात असं अमेरिकेतल्या गटानं २००८ मध्ये मांडलं, आणि दोन वर्षांत त्यावर दुसऱ्यांनी आक्षेपही घेतले. असे वाद सुटतात ते शेकडो बायकांच्या गाठी तपासून. त्यात सांगली, बीड, गडचिरोलीच्या बायकांच्या गाठी किती असतात? आयआयटी मद्रासनं २०२५ मध्ये भारतीय रुग्णांचा कर्करोग जनुक-संग्रह खुला केला, त्यात स्तनाच्या कर्करोगाचे ४८० रुग्ण आहेत. चांगली सुरुवात आहे. पण देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा रोग झाला आणि ९८ हजारांच्या आसपास गेल्या.

आणि संशोधन म्हणजे महागडंच असं कुणी म्हणू नये. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटानं ११ रुग्णालयांतल्या १६०० बायकांवर चाचणी केली. गाठ काढण्याआधी ७ ते १० मिनिटं तिच्याभोवती लिडोकेनचं इंजेक्शन द्यायचं, दात काढताना देतात तेच. ऑपरेशनच्या वेळी पेशी सैरभैर होऊन पसरू नयेत हा विचार. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या ८६.४ टक्के बायका हयात होत्या, दिलेल्या ९०.१ टक्के. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्याच टेबलावर, त्याच तासात, शंभर रुपयांच्या औषधानं एवढं होत असेल, तर पुढच्या दहा मिनिटांत गाठीला काप देऊन पुरेशा फॉर्मलीनमध्ये ठेवणं का होऊ नये?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन होतं अशा प्रत्येक थिएटरमध्ये मोठ्या तोंडाची बरणी आणि बफर घातलेलं फॉर्मलीन असावं, आणि गाठ कधी निघाली, कधी बुडवली या दोन वेळा बरणीवर लिहाव्यात. महात्मा फुले योजनेच्या पैशांत ऑपरेशन धरलं जातं तसा ब्लॉक जपण्याचा खर्चही धरावा. डिस्चार्ज कार्डवर ब्लॉक नंबर आणि तो कुठे आहे हे मराठीत लिहावं. ब्लॉक वरच्या मजल्यावर ठेवावेत, पत्र्याखाली नाही, उन्हात मेण बसतं. कृष्णा आणि पंचगंगेकाठच्या लॅबनी हे याच उन्हाळ्यात करावं, पावसाची वाट बघू नये. आणि उरलेला तुकडा संशोधनाला द्यायचा का, हे त्या बाईला तिच्या भाषेत, बसवून, किमो सुरू होण्याआधी विचारावं. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या बायकांपैकी नीट समजावल्यावर नाही म्हणणारी मला आठवत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल त्यांनी सर्जनला आदल्या दिवशी विचारावं : “डॉक्टर, गाठ कशात पाठवणार, आणि लॅबमध्ये कधी पोचणार?” शनिवारचं ऑपरेशन असेल तर नक्की विचारावं. कुणी रागावत नाही.

जाऊ आता हार्मोन पॉझिटिव्ह रोगावरच्या लेट्रोझोल आणि पाल्बोसिक्लिब या गोळ्या घेते. जेनेरिक आल्यावर दुसरी गोळी झेपायला लागली. काठी घेऊन ती बांधापर्यंत जाते. मुलीची रक्ताची चाचणी केली, त्यात वारशाचा दोष निघाला नाही. पण आईच्या पहिल्या गाठीत काय मिटलेलं होतं आणि काय नव्हतं, हे तिला कुणीच सांगू शकणार नाही. हाडाच्या तुकड्याचा ब्लॉक लॅबनं आम्हाला मागितल्यावर दिला. तो मी एका पत्र्याच्या डबीत, नंबरची चिठ्ठी घालून, आमच्या माडीवरच्या फडताळात ठेवला आहे. मार्च लागला की डबी खाली आणते आणि माठाच्या शेजारी ठेवते, आणि पहिला पाऊस पडला की पुन्हा वर नेते.

आपली,
एक निवृत्त हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन,
जि. सांगली